बाबा म्हणाले होते, कापलं

रौदा: हात नको लावूस, उम्मी. सगळं जिथल्या तिथं आहे.

मबरूका: कुठं आहे? नुसत्या लाल चौकटी! उद्या त्यांना जाऊन चाळीस दिवस होतील, अख्खं बंदर जेवायला येणार, आणि तुझ्या बाबांची फिल्म मी पुसून बसले.

रौदा: पुसली नाहीस गं. त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तू डिस्क काढून या दुसऱ्याला जोडलीस, तेव्हा चित्रणाचा पत्ता बदलला. या फाईलमध्ये फिल्म नसतेच मुळी. कुठला तुकडा कुठं ठेवलाय आणि कुठून कुठवर दाखवायचा, एवढंच लिहिलेलं असतं.

मबरूका: तू हे वाचतेस? मला तर मुंग्यांची रांग दिसते.

रौदा: साधी अक्षरं आहेत. सॉफ्टवेअर फुकटचं असलं तरी मनाचं मोकळं आहे, कुणीही आत डोकवावं. मीच शिकवलं होतं बाबांना. हा जुना पत्ता खोडला, हा नवा लिहिला... बघ, आलं.

मबरूका: आले गं बाई! समुद्रात झावळ्यांचं कुंपण रोवतायत. कमरेएवढ्या पाण्यात. मासा सापळ्यात येईल तेव्हा येईल, आधी सर्दी येईल, म्हणून ओरडले होते मी.

(रौदा फाईल खाली सरकवते.)

रौदा: उम्मी, ही खालची पट्टी कसली? फिल्ममध्ये दिसत नाही, पण फाईलमध्ये आहे. पुढं लिहिलंय, ‘लपव’. आणि तुकड्यांची नावं... रौदा होडीत. रौदा झावळ्या बांधते. रौदा हसते.

मबरूका: तुला तर त्यांनी फिल्ममधून कापून टाकलं होतं! कहवाखान्यात चारचौघांत तुझे बाबा सांगून आले, तिजानीकाकांच्या तोंडावर. काकांच्या लेकाशी ठरलेलं लग्न मोडून तू निघून गेलीस. सख्ख्या भावाला दुसरं काय सांगणार होते?

रौदा: मलाही फोनवर हेच म्हणाले, कापलं तुला. मग मीही हट्टानं आले नाही. आले ती थेट मातीला.

मबरूका: कापलं, तर मग हे काय?

रौदा: कापायचं असतं तर पट्टीच काढून टाकली असती. उलट बघ ना, माझा चेहरा सावलीत होता तिथं उजेड वाढवलाय. प्रत्येक तुकड्यात. आवाज हळूच चढवलाय, हळूच उतरवलाय.

मबरूका: जे दाखवायचंच नाही, त्याला कोण एवढं नटवतं?

(रौदा स्क्रीनवर वाकून रडू लागते.)

मबरूका: रड, पण मान वळवून रड. उसनं आणलेलं यंत्र आहे, भिजायला नको.

रौदा: पण लपवलं त्यांनीच ना? मी नाही तो शब्द खोडणार. उद्या काका पुढं बसलेले असतील. मला बघून उठून जातील.

मबरूका: जातीलच. तुझ्या बाबांना कुणालाही धड नाही म्हणता आलं नाही. भावाला नाही, तुलाही नाही. जन्मभर त्यांची अर्धी वाक्यं मीच पुरी केली. सरक. कुठला शब्द तो? दाखव मला.

रौदा: हा. पण काका...

मबरूका: आधी कुसकुस वाढू, मग फिल्म लावू. माझ्या घरातून कुणी उपाशी उठून जायचं नाही.