कापलेला लग्नाचा फोटो

थोरला : …आणि उद्या हॉलवरचा पडदा दहा फुटी आहे! दहा फुटी पडद्यावर आईच्या चेहऱ्याच्या जागी हे भोक. पाहुणे काय म्हणतील?

धाकटी : म्हणतील, नवरदेवानं नुसत्या साडीशी लग्न केलं.

थोरला : दात काढू नकोस, ठमे. उद्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत आणि घरात लग्नाचा फोटो हा एकच. बघ, कसा मापून चौकोन कापलाय. हे तुझंच काम असणार.

आई : तिला कशाला बोलतोस? मीच कापला.

थोरला : तू? भांडण झालं होतं का? नको, सांगूच नकोस. उद्याच्या भाषणात ‘एकदाही भांडले नाहीत’ असं वाक्य आहे.

आई : भांडण कसलं! अर्जाला फोटो हवा होता. वेधशाळेत जागा निघाली होती. पाऊस-वारा मोजायचा, आकडेमोड करायची. फोटो काढायला स्टुडिओत जायचं तर तुझ्या बाबांना विचारावं लागलं असतं. आणि ते म्हणाले असते…

धाकटी : ‘गरज काय?’

आई : तेच. म्हणून याच्यातून कापला. लेखी परीक्षाही देऊन आले, माहेरी जाते सांगून. पुढे पत्रच आलं नाही. नापास झाले असणार. विषय संपला.

धाकटी : आणि फोटोचं असं का झालं, हे बाबांनी कधी विचारलं नाही?

आई : का विचारतील? त्यांचं डोकं जागच्या जागी होतं.

थोरला : असू दे. स्टुडिओवाला तुझा आत्ताचा चेहरा तिथे बसवून देणार आहे. सुरकुत्याही काढतो म्हणालाय.

आई : पन्नास वर्षांच्या सुरकुत्या काढल्यावर उद्या साजरं काय करणार?

थोरला : आई, प्लीज. ठमे, ती बाबांची पत्र्याची पेटी उघड. ‘बाबांची शिस्त’ या भागासाठी दोन-चार कागद हवेत.

धाकटी : शिस्त काय, ओसंडून वाहतेय! हे माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक. ‘पाहिले. सुधारणेस वाव.’ हे तू होस्टेलवरून रडत लिहिलेलं पत्र. ‘पाहिले. भावनांची नोंद घेतली.’ आणि ही तुझ्या लग्नाची पत्रिका. ‘पाहिले. उपस्थित राहणे.’

थोरला : हस, हस! याला पद्धत म्हणतात. चाळीस वर्षं ऑफिसात टपाल सांभाळलं, एक कागद गहाळ होऊ दिला नाही. हे भाषणात टाकतोच.

धाकटी : दादा.

थोरला : आता काय?

धाकटी : हे पत्र आईच्या नावाचं आहे. वेधशाळेचा शिक्का आहे वर.

आई : वाच.

धाकटी : ‘आपण लेखी परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आहात. सोमवारी सकाळी दहा वाजता मुलाखतीस हजर राहावे.’ आणि खाली बाबांचं अक्षर. ‘पाहिले. उत्तराची आवश्यकता नाही.’ सही, तारीख, सगळं.

(थोरला पत्र ओढून घेऊन स्वतः वाचतो.)

थोरला : हे बघ आई, तो काळच तसा होता. आणि बाबांच्या मनात काही वाईट असतं, तर त्यांनी ते फाडून टाकलं नसतं का? उलट जपून ठेवलं! इतकी वर्षं! हेसुद्धा एक प्रकारचं प्रेमच आहे.

धाकटी : तू बाबांचाच मुलगा आहेस रे, अगदी शिक्कामोर्तब.

थोरला : मग मी काय करू? दोनशे माणसं येतायत! बाबा केस काळे करून एवढ्यात परत येतील. आई, उद्याचा दिवस तेवढा पार पडू दे. हात जोडतो तुला. परवा काय बोलायचं ते बोल.

धाकटी : आई, आजच बोल. ओरड त्यांच्यावर. हॉलवर येत नाही म्हणून सांग. काहीतरी कर गं!

आई : दुसरा नंबर म्हणालीस?

धाकटी : हो. दुसरा.

आई : मला वाटायचं, गणितात गेले. शेवटचं एक उदाहरण सोडवायचं राहिलं होतं. किती वर्षं ते डोक्यात सोडवत बसायचे, भांडी घासताना.

थोरला : बघ, हसतेय ती. तिनं मनाला लावूनच घेतलेलं नाही.

आई : हसत नाहीये रे मी. तुम्ही दोघं वह्या घेऊन यायचात माझ्याकडे. आठवतं?

धाकटी : आठवतं. तू म्हणायचीस, ‘बाबांना विचारा, मला नाही त्यातलं कळत.’

आई : मला सगळं येत होतं गं.