कोरा सोडलेला गोल

(लातूर. मे महिन्यातली भर दुपार. डॉक्टरकीच्या परीक्षेचं गेट नुकतंच बंद झालेलं.)

मकबूल : अन् मुठीत काय हाय, अप्पा?

गुरुबसप्पा : सुकन्याचा गंडा. गेटवर काढायला लावला. तिच्या आईनं, साखराबाईनं बांधला होता. म्हणलं, पोरगी डाक्टर व्हायला निघाली, अन् तू दोरे बांधून राहिलीस.

मकबूल : माझ्या अलीझाचा तावीज बी काढला की. तीस वर्षं शिलाई करतो मी. कुडत्याच्या बाह्या कापल्या, लोखंडी बटनं काढली, अन् तावीजच इसरलो.

गुरुबसप्पा : बघ, पोलिसापुढं चालंना देवाचं.

मकबूल : तू बी जोड की हात आज. पोरीची तिसरी खेप हाय.

गुरुबसप्पा : तिसरीच. औंदा न्हाई लागला नंबर तर तिचा मामा स्थळ घेऊन बसलाय. पन हात जोडायचं भूकंपापासून सोडलं ते सोडलं.

मकबूल : अरे, डोक्यानं बघ ना. क्लासचे सर काय सांगतात? बरोबर आलं तर चार मार्क. वरचा हाय म्हणलास, अन् खरंच निघाला, तर जन्नत. न्हाई निघाला, तर तुझं गेलं काय?

गुरुबसप्पा : चुकलं तर एक मार्क कटतो, ते न्हाई सांगितलं सरांनी? अन् पर्याय चार असतेत. तुझा, माझा, साखराबाईचे आनखी दोन. कोनता गोल काळा करू? ठाऊक नसलं तर कोरा सोडायचा. मी कोरा सोडला.

मकबूल : अख्ख्या घरात तू एकटा वाचलास. ही मेहेरबानी न्हाई?

गुरुबसप्पा : कशानं वाचलो, ठाव हाय? त्या दिवशी गनपती बुडवून आई-बाप घरी निजले. मी शेतातल्या आखाड्यावर, खोपीत पत्ते कुटत बसलो. देवाचं करनारे दगडाखाली, पत्तेवाला भाईर. डोक्यानंच बघायचं तर पत्त्याला फुलं वाहायला पायजेत मी.

मकबूल : आईनं बोलावलं नव्हतं?

गुरुबसप्पा : बोलावलं की. आरतीला तरी ये म्हणली. मी म्हणलं, तू कर सुरू, आलोच.

(मकबूल पिशवीतली टोपी काढून डोक्यावर घालतो.)

गुरुबसप्पा : जा, तुझ्या नमाजची येळ झाली.

मकबूल : जातो. हा तावीज धर तवर. खिसा फाटलाय माझा.

गुरुबसप्पा : शिंप्याचा खिसा फाटका. अन् मला कशाला देतोस? माझा इश्वास न्हाई.

मकबूल : म्हणून तर देतो. तू त्याच्याकडं तुझ्या पोरीचं मागनार न्हाईस.

(अर्ध्या तासानं.)

मकबूल : अजून उन्हातच? झाडाखाली सरकायचं की.

गुरुबसप्पा : सुकन्या म्हणली, इथंच उभे ऱ्हा.

मकबूल : तिला आतून दिसतो का तू?

गुरुबसप्पा : न्हाई.

मकबूल : बरं. हे घे, गार पानी आनलंय.

गुरुबसप्पा : हात कुठं मोकळे हायेत? ह्यात तिचं, ह्यात तुझं.

मकबूल : ठेव की खाली. दोराच तर हाय.

गुरुबसप्पा : मातीत कसं ठेवू?

मकबूल : मग खिशात टाक.

गुरुबसप्पा : खिशात तंबाखू हाय.

मकबूल : अप्पा...

गुरुबसप्पा : हसू नको. तूच पाज. अन् सावकाश, ताईतावर सांडू नको.