रिवाइंड न केलेली कॅसेट

आपल्या तिरसटपणाची मला आयुष्यात एकदाच लाज वाटली. कॅम्प पाच या सिंधी वस्तीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती, तेव्हाची गोष्ट. मागच्या बिल्डिंगमधल्या एक मावशी दर महिन्याला एकच कॅसेट न्यायच्या, जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर. आणि परत आणायच्या ती अर्ध्यावर थांबवलेली. अरे, कॅसेट रिवाइंड करून द्यायची, एवढा साधा नियम!

एकदा माझी सटकलीच. "मावशी, बघायचा तर पूर्ण बघा, नाहीतर रिवाइंड तरी करा."

"कुठे थांबवलाय, लावून बघ की," त्या म्हणाल्या.

दुकानातल्या टीव्हीवर लावला. हिरोइनची बहीण नुकतीच मेली होती, पडद्यावर नुसता त्या बहिणीचा चेहरा. हनुवटीवर तीळ. मी मान वर केली, तर तोच तीळ समोर.

"माझं काम एवढंच होतं," मावशी म्हणाल्या. "यानंतर पिक्चरभर माझं कुणी नावही काढत नाही. ते कशाला बघू?"

त्यानंतर मी रिवाइंडचा विषय काढला नाही.

पुढे एका दुपारी त्यांच्या शेजारचे सिंधी अंकल तीच कॅसेट घेऊन आले. "मावशी टीव्ही के सामने बैठे बैठे चली गयी, साईं."

कॅसेट पूर्ण रिवाइंड केलेली होती. मी विचारलं, "तुम्ही केलीत?"

"नहीं रे. पिक्चर खतम हुआ, तो मशीन ने खुद कर दिया."

माझा नियम मावशींनी तेवढा एकदाच पाळला.