चांगुणा नसते तिथं

न्हाई अर्पिताताई, त्या वेळचं मला काहीच समजत न्हाई — मोबाईलमधी बराबर भरून घ्या. तुमच्यासारखेच एक सर आल्ते मागं, धर्माचा अभ्यास करायला, त्यांलाबी हेच सांगितलं. अंगात देवी आली की ही चांगुणा नसते तिथं. काय बोलले, कोणाला बोलले, मागून लोकं सांगतात तवा कळतं. टेंभुर्णीत कोणालाबी इचारा. चहा घ्या ना, गार होऊन राह्यला.

गाव का मानतं? का म्हंजे — भांडणं मिटतात, ताई. भावाभावातला बांध, सासूसुनाचं — पोलिसाचं ऐकत न्हाईत, देवीचं ऐकतात. मी बोलले असते तर ऐकलं असतं का? नवरा गेलेली बाई, तिला कोण इचारतं? आता दर शुक्रवारी तीस-चाळीस माणूस बसतं. पोटचा पोरगा माझा, सोमेश्वर, तोबी पाया पडतो. आतापण पडतो. नात गेल्यावरपण.

हां, गेली ना. पोळ्याच्या आधी. चार वर्षांची होती, ताप आल्ता. शुक्रवारी देवीनं सांगितलं, जालन्याला दवाखान्यात नेऊ नका, उंबरा ओलांडू नका, रविवारपर्यंत ताप उतरंल. रविवारीच गेली. मला कोणी काही बोललं न्हाई — देवीची मर्जी म्हणले. मीबी तेच म्हणते. रडूबी येत न्हाई. सैपाक करते, जेवते, झोपते. बस.

त्या शुक्रवारी काय झालं? आता काय सांगायचं — घर भरून लोकं बसल्ते. सोमेश्वरनं गाडी काढल्ती. उषा, माझी सून, दारात उभी, पोरगी खांद्यावर — एका पायात मोजा, एक पाय उघडा — अन् समदे तिच्याकडंच पाहून राह्यले. मला वाटलं, देवीच्या घरचंच लेकरू दवाखान्यात चाललं, तर उद्या इथं कोण येईल —

काय झालं ताई? अशा काय पाहून राह्यल्या?

मोजा ना — मोज्याचं मागून सांगितलं कोणीतरी. उषानंच सांगितलं असंल.

न्हाई. उषा तवापासून बोलतच न्हाई माझ्याशी.

बंद करा तो मोबाईल. चहा राहू द्या. आज शुक्रवार हाय, लोकं येतील आता.