धाकटीच्या दाराची कडी

नाव : तक्रारदारांची थोरली मुलगी (विनंतीवरून नाव नोंदवलेले नाही). वय : छत्तीस. व्यवसाय : चष्म्याच्या दुकानात नोकरी. राहणार : बाजारामागची गल्ली, दुसरा मजला, सासरी.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध दुसऱ्या धर्माच्या माणसाशी लग्न केले. ते लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. त्यांनी बहिणीला कोंडून ठेवले आहे, जबरदस्तीने तिचा धर्म बदलला आहे व तिला फोनवर बोलू देत नाहीत, अशी तक्रार बाबांनी या ठाण्यात दिली आहे. आमच्यापैकी कोणीही तिच्या घरी गेलेले नव्हते. त्या लोकांत असेच असते, हे सगळ्यांना माहीत होते. मलाही होते.

काका मला म्हणाले, "तू जाऊन ये, म्हणजे साक्षीला वजन येईल. तू बोललीस की तो आत जातोच बघ."

त्याप्रमाणे मी रविवारी सकाळी न कळवता तिच्या घरी गेले. दारावर दोघांची नावे होती. तिचे नाव माहेरचेच होते. दार बहिणीच्या यजमानांनी उघडले. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. "ताई, तुम्ही? या, या. ती गाडी शिकायला गेलीये, येईलच," असे ते म्हणाले. मी दार नीट पाहिले. बाहेरून कडी नव्हती, आतून होती.

बहिणीची सासू शिवण घेऊन बसली होती. तिने मला आपली खुर्ची दिली. थोड्या वेळाने बहीण आली व चप्पल काढता काढताच ओरडली, "आई, आज पुन्हा चौकात गाडी बंद पाडली मी! मागचे सगळे शिव्या देत होते." सासू हसून हसून खोकायला लागली. मग बहिणीने मला पाहिले आणि गळ्यात पडली.

मी विचारले, "धर्म बदललास?"

ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाही गं. आई त्यांची प्रार्थना करतात, मी माझी. ह्यांना दोन्ही वेळेला झोप येते."

"आणि फोन?"

"मीच उचलत नाही. उचलला की काका धमक्या देतात. तू तर कधी केलाच नाहीस."

तिच्या अंगावर मारहाणीची खूण नव्हती. तिचे वजन वाढले आहे. मी स्वयंपाकघर, बाल्कनी, कपाट पाहिले. काहीतरी सापडावे असे मला वाटत होते. सापडले नाही. यजमानांनी सगळ्यांना चहा केला व तिच्या कपात न विचारता साखर कमी घातली. हेवा वाटल्याने मी चहा अर्धा टाकून निघाले. (येथे हवालदारांनी 'काळजी वाटल्याने' असे लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून खोडून दुरुस्ती केली आहे.)

विचारल्यावरून सांगते की, माझे यजमान आमच्याच धर्माचे आहेत. स्थळ बाबांनी व काकांनी पाहिले होते. ते सांगतील तिथे मी लग्न केले. माझा फोन रोज संध्याकाळी यजमान तपासतात. बहिणीकडे जाण्यासाठी मी त्यांची परवानगी घेतली होती, आज इथे येण्यासाठीही घेतली आहे. याचा या प्रकरणाशी संबंध नाही, असे हवालदार म्हणाले. तरी लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली. माझ्याबद्दल कोणीही कधी तक्रार दिलेली नाही.

बहीण तिच्या घरी स्वखुशीने राहते. बाबांची तक्रार खरी नाही. हे मी तिच्यावरच्या मायेने सांगत नाही. लहानपणापासून सगळे तिच्याच वाट्याला येते, आणि हेही तिच्याच वाट्याला आले. पण आले आहे, हे खरे आहे.

हा जबाब चालू असताना बाबा दारात येऊन विचारून गेले, "धाकटी बारीक झालीये का गं?" मी नाही म्हटले. ते परत बाकावर जाऊन बसले. मी इथून कुणाबरोबर घरी जाणार, हे त्यांनी विचारले नाही.

वरचा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. कोणाच्या दबावाखाली सांगितलेले नाही, म्हणून खाली सही केली.