मामाचा ट्रॅक्टर ऐंशीनं पळाला तेव्हा

तुम्हाला सांगते, आमच्या मामाला खुटबावात ट्रॅक्टर बाहेर काढायची चोरी झाली होती. शेजारचे आप्पा स्कूटरसकट ओढ्यात गेले आन् सगळ्या गावाला सांगत सुटले, "ह्याचा ट्रॅक्टर ऐंशीनं अंगावर आला." मामाचं स्पीडोमीटर कवाचं बंद, मग त्याचं कोण ऐकणार?

मी मेकॅनिकला गिअरचं विचारलं, मागच्या टायरला सुतळी गुंडाळून मापली आन् पारावर आप्पांपुढंच हिशोब मांडला.

"आप्पा, इंजिन पार ताणलं तर मिनिटाला बावीसशे फेरे घेतं. सगळ्यात वरच्या गिअरला त्याच्या सतरा फेऱ्यांत चाक एकदा फिरतं, आन् चाकाच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर साडेचार मीटर जातो. तासाला पस्तीस किलोमीटर झाले. त्याच्या वर न्हाई."

"कागदावर कायबी येतं," आप्पा म्हणाले.

मग मामानं त्यांना शेजारी बसवलं आन् राहू गावाच्या रस्त्याला ट्रॅक्टर पुरा ताणला. आप्पांच्याच मोबाईलवर वेगाचा आकडा चौतीसच्या पुढं सरकला न्हाई.

परत आल्यावर आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढंच पळतंय व्हय? मंग ओढ्यात मी माझ्याच भ्यानं गेलो म्हणायचं."

आधी मामा हसला, मग अख्खा पार.