ताश्कंदची टोपी

घालतो की, साहेब, घालतो — टोपी काय पळून चाललीय? ठेवा तिथंच बाजेवर. आधी बसा निवांत. अन् तो फोन जरा उलटा ठेवा, त्याचा डोळा मघापासून माझ्याकडंच हाय. न्हाई, तुमी फोटो काढायलात असं म्हणत न्हाई मी. आपलं म्हणलं. तर काय सांगत होतात — माझ्या अपेक्षानं पाठवली ही? ताश्कंदहून? तुमच्या हातानं? बरं. काळी, चौकोनी, वर पांढरी नक्षी — टोपी तिथलीच हाय, तिच्यात खोट न्हाई. असलीच एक फोनवर बघितलीय मी. तिथं बी पाव्हण्याच्या डोक्यावर टोपी घालत्यात अन् अंगावर लांब झगा चढवत्यात. अपेक्षा हसायली होती — "बाबा, आपल्यावाणीच टॉवेल-टोपीचा आहेर हाय इथं, फकस्त टॉवेल घोट्यापस्तोर येतो!"

चहा यायलाय. पंडितला सांगितलंय — तोच ओ, नरसिंहाच्या देवळापुढं हॉटेल हाय त्याचं, ज्यानं तुमाला घर दाखवलं. तो म्हणाला, "बन्सीमामा, परभणीहून मोठी गाडी आलीय, वकिलातीतल्या मॅडमच्या वडलांचं घर कुठं म्हणून विचारायलेत." मॅडमचे वडील. नाव न्हाई विचारलं तुमी. आता लेकीनं माणूस धाडला तर ती बापाचं नाव सांगूनच धाडंल न्हाई का — बन्सीधर म्हणावं, पोखर्णीत कुणाला बी विचारा? — बसा बसा, रागावू नका. म्हातारपणी शंका लय येत्यात माणसाला, झोप कमी असती ना.

तिचं काम तुमाला म्हाईत असंल, तुमी ओळखीचे. मला लय दिवस कळतच नव्हतं. परराष्ट्र खात्यात लागली तवा गावाला वाटलं बॉर्डरवर चालली. मग एकदा तिनंच सांगितलं — सकाळी इकडच्या व्यापाऱ्यांची तिकडच्यांशी गाठ घालून द्यायची, दुपारी कुठल्या शाळेत पोरींचा नाच बसवलाय तो बघायचा, रातच्याला जेवण, अन् जेवताना बी काम. अमुक देशाला आपलं औषध पाहिजे, आपल्याला त्यांचं काय पाहिजे, दोघांचं मन राखायचं, कुणाचा अपमान होऊ द्यायचा न्हाई. मी म्हणलो, अगं बाई, हे तर मी जल्मभर केलंय! म्हणजे सोयरिकी, ओ. ह्या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं मी जमवलेली. पोखर्णीची पोरगी सोनपेठला, पूर्णेची पोरगी इकडं. ती म्हणाली, "तुमचंच काम करायलेय मी, बाबा, फकस्त पाव्हणे लांबचे हायेत."

अन् मध्यस्थाचा एक नेम असतो. तुमाला ठाव हाय का? लग्न लागेपस्तोर मध्यस्थानं कुण्याच बाजूचा आहेर घ्यायचा न्हाई. टॉवेल न्हाई, टोपी न्हाई. मी तर पोरीवाल्याच्या घरचा चहा बी पीत नव्हतो. एकदा एकाची टोपी डोक्यावर घातली की दुसरा बोलतच न्हाई तुमच्याशी, अन् बरोबर हाय त्याचं. अपेक्षा लहान होती, माझ्या सायकलवर पुढं बसून यायची. तिला तहान लागायची, तरी मी म्हणायचो — थांब, वाटंत हिरीवर पिऊ. लेकरू थांबायचं. त्याची आठवण काढती ती अजून. तिथं कुणी मिठाईचा डबा धाडला तर परत लावून देती अन् मला फोन करून सांगती — "बाबा, हिरीवर पाणी पिले आज."

काय? न्हाई, मी कुठं म्हणलो तुमी तसले. तुमी फकस्त टोपी द्यायला आलात. अन् जाता जाता एक फोटो. आपली आठवण म्हणून. अन् तुमची सुताची गिरणी हाय, ते मी विचारलं म्हणून कळलं, न्हाईतर तुमी सांगणार बी नव्हतात. कापसाची माणसं तिकडं पुढच्या महिन्यात जायलीत, अपेक्षाच घेऊन फिरणार हाय त्यांना, कुणाला कुठं बसवायचं तीच ठरवती — अरं, हे तर मीच सांगून बसलो तुमाला, आत्ता! … बघा. तुमी काय बी विचारत न्हाईत अन् मी बोलत बसलोय. हे तुमचं बरं हाय, साहेब. गप बसायचं अन् म्हाताऱ्याला बोलू द्यायचं. घरात बोलायला कुणी न्हाई ना आता.

ही गेली. कडूबाई, माझी मंडळी. भिंतीवर फोटो हाय, मघाशी तुमी त्याच्याकडं पाठ करून बसलात. तिच्या हातची वाकळ त्या ताश्कंदच्या प्रदर्शनात टांगली होती, म्हाईत हाय? जुन्या लुगड्यांची, धोतरांची. तिथल्या बायका हात फिरवायल्या होत्या म्हणं, टाके मोजायल्या होत्या. एकीनं विचारलं, केवढ्याला? अपेक्षा म्हणाली, ही विकायची न्हाई, ही आईची हाय. ते ऐकून ही आठ दिवस गावभर सांगत फिरली. अन् मग आखाडात गेली. बसल्या जागी. अपेक्षाचा फोन आला — बाबा, मी निघते. तिच्याकडं इथनं मोठी माणसं गेलेली, दुसऱ्या दिवशी त्यांची बैठक. मी म्हणलो, येऊ नको. कार्य अर्धं टाकून मध्यस्थ उठत नसतो. मांडवातनं उठायचं न्हाई. तू पोचेस्तोर हिला ठेवता बी येणार न्हाई. ऱ्हा तिथंच. — असं म्हणावंच लागतं, साहेब. बापाला म्हणावंच लागतं. पण … ती ऐकंल असं वाटलं नव्हतं मला.

फोन येतो तिचा, येत न्हाई असं न्हाई. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. दोघं बी घाबरतो त्याच्या पुढं जायला. म्हणून मघाशी तुमी दारातनं म्हणलात ना, "अपेक्षाताईंनी तुमच्यासाठी पाठवलंय" — मी चप्पल न घालताच आलो बाहेर. बघितलंत तुमी. बघितलंच असंल, तुमची नजर तिखट हाय.

तिला आत्ताच फोन लावतो म्हणलो तर तुमी म्हणलात, नको, फोटोच पाठवू, अचानक आनंद होईल त्यांना. बरं. मग म्हणलात, तिचा घरचा नंबर द्या, त्याच्यावर धाडतो. ती तुमच्या हाती बापाला टोपी देती अन् नंबर देत न्हाई? — थांबा, सांगू नका काही. ते बी सोडून देऊ. माणसाकडनं नंबर हरवतो. पण टोपीचं काय करू?

हिला जाऊन वरीस झालं न्हाई, साहेब. वर्षश्राद्ध होईपस्तोर ह्या घरात नवं कापड अंगाला लागत न्हाई. दिवाळीला मी ही डोक्यावरचीच टोपी धुऊन घातली, बघा, काठ विरलाय. अन् अपेक्षा? ती तिकडं मोठमोठ्या कार्यक्रमांत आईची जुनी इरकल नेसून उभी ऱ्हाती. तिथले लोक फोटो काढत्यात, त्यांना वाटतं लय भारी काहीतरी. पदराला रफू हाय, ते आमाला दोघांनाच ठाव. ती पोरगी मला नवी टोपी धाडंल? ह्या वर्षात? दुसरं काय बी आणलं असतं तुमी — खारीक, बदाम — तर मी फसलो असतो. फोटो बी काढू दिला असता. खरं सांगतो, हसून काढू दिला असता. अन् मग तो तुमी तिला दाखवला असता, चार गिरणीवाल्यांना दाखवला असता — बघा, मॅडमचा बाप आमची टोपी घालून बसलाय. तिनं लेकरू असल्यापासून तहान मारून कमावलेलं माझ्या डोक्यावर संपलं असतं.

उठा. टोपी घ्या. फोन बी घ्या, बघा, परत सुलटा झालाय. चहा आता पंडितच्या हॉटेलातच प्या, मी सांगतो त्याला, हिकडं आणू नको.

ओ साहेब. थांबा जरा. टोपी तिथलीच हाय — म्हणजे तुमी जाऊन तर आलात तिथं. तिला बघितलंत का? लांबून का होईना, गर्दीत? बारीक झालीय का? फोनमधी नीट कळत न्हाई, ती उजेडाकडं पाठ करून बसती … न्हाई. न्हाई, बोलू नका. तुमी काय बी सांगाल अन् मी खरं मानीन.

जावा आता. जाताना दार ओढून घ्या.